तेलाची आठवण

दिवाळीत तेलाची आठवण कोणाला करून द्यावी लागत नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई हाक मारते. पाट मांडलेला असतो, वाटीतले तेल कोमट झालेले असते. अंग कोरडे पडले आहे की नाही, हे कोणी तपासत बसत नाही. तिथी आली की तेल लावायचे. बैलांचेही तसेच. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी ठरलेली; वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना त्या दिवशी हळद-तूप मिळायचेच. अशी पुष्कळ कामे आपल्या पंचांगाने आपल्या वतीने लक्षात ठेवली आहेत. परंतु चाकाला तिथी कळत नाही. त्याला तेल कधी हवे, हे ते किती व कसे चालले यावर अवलंबून. ते ओळखायचे कसे, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आणि त्यातला एक धडा मला फार महागात शिकावा लागला.

आमच्या आजोबांची बैलगाडी गंगापूर तालुक्यातल्या काळ्या मातीत चाले. गाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असे. त्यात एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या. आस आणि तुंबा कोरडे घासू लागले की चाक करकरे. ती करकर हीच सूचना. आजोबा गाडी थांबवत, खीळ काढत, वंगण घालत आणि पुन्हा कासरा हाती धरत. कागद नाही, दिवा नाही. कान तेवढे शाबूत हवेत.

मोटार आली तेव्हा आरंभी तिचेही असेच साधे होते. इंजिनात तेल थेंबथेंब ठिबके आणि जळून किंवा गळून जाई; तेव्हा ते ‘बदलण्याचा’ प्रश्नच नव्हता. एरंडेल तिथेही पोहोचले होते. विलायतेतल्या वेकफील्ड कंपनीने १९०९ साली एरंडेल मिसळलेले तेल काढले आणि एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून त्याला ‘कॅस्ट्रॉल’ म्हटले. पुढे तेल इंजिनाच्या पोटातच राहून पुन्हा पुन्हा फिरू लागले, आणि मग ते मळू लागले. धातूची झीज, अर्धवट जळलेल्या इंधनाची काजळी, वाफेचे पाणी हे सारे त्यात उतरे. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला तेलाचा पंपही नव्हता. तेल किती आहे हे पाहण्यासाठी मालकाने गाडीखाली जाऊन दोन लहान तोट्या उघडून पाहायच्या. तेल टिकेही थोडे. काहीशे मैलांत बदलावे लागे. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड याने तेलाची गाळणी मोटारीला जोडली आणि तेलाचे आयुष्य वाढू लागले.

गाड्या वाढल्या तसे एकट्याच्या कानाडोळ्यांवर भागेना. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. इकडे १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एस.टी. धावली. एका डेपोत अनेक गाड्या, एका गाडीला अनेक चालक. तिथे वही आलीच. गाडी किती धावली, तेल केव्हा बदलले, पुढे केव्हा बदलायचे, हे लिहून ठेवावे लागते. खाजगी मोटारीच्या दाराच्या कडेला गॅरेजवाला जी चिठ्ठी चिकटवतो, ती या वहीचीच नात. स्कूटरवाले मात्र या चिंतेतून बरेचसे सुटले होते. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या इंजिनाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे आणि त्याच्याबरोबरच जाळायचे. आठवण द्यायला पंपावरचा पोऱ्या होताच.

चिठ्ठीनंतर दिवा आला. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. गाड्यांत हिरव्या दिव्यांची रांग बसवलेली असे. गाडी चालेल तसा एकेक हिरवा दिवा विझे. मग पिवळा लागे, मग लाल. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत डॉ. शर्ली श्वार्ट्झ या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेल कशाने खराब होते याचा हिशेब मांडला, आणि १९८८ च्या सुमारास तो गाड्यांत उतरला. ते यंत्र तेल चाखून पाहत नाही. इंजिनाचे फेरे किती झाले आणि तेल किती गरम होते, एवढे ते मोजते. थंड इंजिनाच्या छोट्या फेऱ्या आणि अतिशय तापलेले इंजिन, दोन्हींना ते जादा वजन देते. आपल्या शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा गाड्या तयार होऊ लागल्या, आणि अंतर व दिवस मोजून पान्ह्याचे चित्र दाखवणाऱ्या मोटारी शहरात ओळखीच्या झाल्या.

आता माझी गोष्ट. मी जुनी मोटार घेतली. दारावरच्या चिठ्ठीत ‘पुढील बदल पाच हजार किलोमीटरनंतर’ असे लिहिलेले. शाळा घरापासून दोन किलोमीटर. दोन वर्षे झाली तरी तो आकडा येईना, आणि मी खुशीत. इंजिन पुरते तापायच्या आत शाळा येई. त्यामुळे तेलातले पाणी आणि पेट्रोल उडून जायला वेळच मिळत नसे, हे मला कुठले ठाऊक! तेलाचा चिकट गाळ झाला होता. एका उन्हाळ्यात आई आणि अण्णांना घेऊन पैठणला निघालो. बिडकीनच्या अलीकडे तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला. मला वाटले, तेल बदलायची आठवण आहे. मागून अण्णा म्हणाले, “आवाज बदललाय रे. थांबव गाडी.” मी म्हणालो, “अण्णा, नुसती आठवण आहे ती. पोहोचल्यावर बघू.” दोन किलोमीटरही झाले नसतील, इंजिन जागीच जाम झाले. रणरणत्या उन्हात म्हातारी माणसे बाभळीखाली बसून राहिली. दुरुस्तीत माझे दोन महिन्यांचे पगार गेले. अण्णा त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, हे अधिक लागले. ज्यांनी लहानपणी आजोबांच्या शेजारी बसून चाकाची करकर ऐकली होती, त्यांचे कान मी दिव्यापुढे खोटे ठरवले होते.

तेव्हा वाचकहो, एवढे ध्यानात ठेवावे. पान्ह्याचे चित्र किंवा ‘तेल बदला’ ही अक्षरे म्हणजे आठवण. ती दिसल्यावर चार दिवसांत गॅरेज गाठावे. तेलाची लाल झारी ही आठवण नव्हे, हाक आहे. तेलाचा दाब गेला, असा तिचा अर्थ; गाडी तिथेच कडेला घेऊन इंजिन बंद करावे. आजच्या बहुतेक मोटारींच्या पुस्तिका १०,००० ते १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असे सांगतात. ‘किंवा एक वर्ष’ हे शब्द कमी चालणाऱ्या गाडीसाठीच आहेत. धूळ, कडक ऊन आणि छोट्या फेऱ्या असतील तर त्याहून लवकर बदलावे. आणि तेल बदलल्यावर मोजणी शून्यावर आणून घ्यावी. न बदलताच कोणी ती शून्यावर आणली, तर दिवा बिचारा त्यावरही विश्वास ठेवतो.

पाडव्याला गाडीला हार घालाल, कुंकू लावाल. त्याआधी गाडी सपाट जागी, इंजिन थंड असताना, तेलाची पट्टी काढून पुसा, पुन्हा बुडवून पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. आमच्या घरी हे काम आता अण्णा करतात. पट्टी उजेडात धरतात, बोटांत तेल चोळून पाहतात, मान हलवतात. मगच आई ओवाळते.