पळसदेव : गोधन व पाषाण

बारामती-इंदापूर हा प्रांत आज दुभत्याच्या व्यवसायाकरितां प्रसिद्ध आहे. संशोधकांस मात्र त्यांतील भीमातीरींचें पळसदेव शके १०७९ (इ. स. ११५७) च्या मराठी शिलालेखामुळें परिचित आहे. इ. स. १९८० त उजनी धरण पुरें झालें. जुनें गांव व पळसनाथाचें देवालय जलाशयांत गेलें. उन्हाळ्यांत पाणी फार ओसरलें म्हणजे देवालय पुन्हां दृष्टीस पडतें. गाईंच्या रक्षणार्थ पडलेल्या वीरांचे वीरगळ महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं आहेत. म्हणून गोधनाचा इतिहास दप्तरांप्रमाणेंच पाषाणांतही शोधावा, असें आमचें मत आहे. भिजून-सुकून पाषाण झिजतो. तरी पाणी उतरतांच तेथील पाषाणांचे ठसे घ्यावे, आणि विस्थापित घराण्यांनीं सोबत आणलेल्या कागदांच्या नकला कराव्या, ही संग्राहकांस आमची विनंति आहे.