टिशा बआव

ज्यू धर्मीयांचा शोकाचा व कडक उपवासाचा दिवस. ज्यू पंचांगातील आव महिन्याच्या नवव्या दिवशी (जुलै–ऑगस्ट) तो पाळतात. जेरूसलेम येथील दोन्ही मंदिरांचा विध्वंस याच तिथीस झाला, अशी परंपरा आहे. सॉलोमनने बांधलेले म्हणून प्रसिद्ध असलेले पहिले मंदिर बॅबिलोनियाचा राजा दुसरा नेबुकॅड्नेझर याच्या सैन्याने इ. स. पू. ५८६ च्या सुमारास जाळले. हेरॉडने विस्तारलेले दुसरे मंदिर रोमन सेनापती टायटस याच्या सैन्याने इ. स. ७० मध्ये नष्ट केले.

दुसऱ्या विध्वंसाबरोबर बलिविधी संपुष्टात आले आणि मंदिराविना धर्म कसा टिकावा, हा प्रश्न निर्माण झाला. योहानान बेन झक्काई प्रभृती पंडितांनी याव्हने येथे प्रार्थना व शास्त्राध्ययन यांवर भर दिला. काहींनी मांस व मद्य कायमचे वर्ज्य केले. तथापि बहुसंख्यांना न पेलणारे निर्बंध लादू नयेत, असे जोशुआ बेन हनन्या याने सांगितल्याचे तालमुदमध्ये नमूद आहे. त्यानुसार शोक टिकला, पण मर्यादित स्वरूपात. नव्या घराच्या भिंतीचा थोडा भाग गिलाव्याविना ठेवणे, ही त्याचीच खूण होय. विवाहात काचेचा पेला फोडण्याच्या प्रथेलाही पुढे हाच अर्थ देण्यात आला.

उपवास सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी रात्र होईपर्यंत असतो. अन्नपाणी, स्नान व चामड्याची पादत्राणे वर्ज्य असतात. सिनॅगॉगमध्ये मंद प्रकाशात, जमिनीवर बसून बायबलमधील विलापगीत वाचतात. १०९६ मध्ये ऱ्हाइनकाठच्या ज्यूंची कत्तल झाल्यानंतर तिच्यावरील शोकगीतांचीही या विधीत भर पडली. कोकणातील बेने इस्राएल समाजात या दिवसास, वालाच्या बिरड्यावरून, ‘बिरड्याचा सण’ असे नाव होते.

या शोकातच आशेची बीजे आहेत. मंदिर पडले त्याच दिवशी मसीहा जन्मला, अशी आख्यायिका आहे. उपवासानंतरच्या सात शब्बाथांना यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथातील सांत्वनपर उतारे वाचतात. एकोणिसाव्या शतकात सुधारणावादी ज्यूंनी मंदिराच्या पुनर्निर्माणाची प्रार्थना वगळली. १९४८ मध्ये इझ्राएलची स्थापना झाल्यावर आणि विशेषतः १९६७ मध्ये जुने जेरूसलेम त्याच्या ताब्यात आल्यावर उपवासाच्या औचित्याविषयी चर्चा झाली. तथापि मंदिर अद्याप उभे नसल्याने परंपरानिष्ठ ज्यू तो पूर्वीप्रमाणेच पाळतात.