ठिगळाला झालेला उशीर

उरणजवळ न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. आपल्या मावळातल्या तळेगावात किंवा शेजारच्या चाकणला तयार झालेला माल परदेशी जायचा, तर तो बहुतेक वेळा कंटेनरात बसून, लोणावळा-खंडाळा ओलांडून, बोरघाट उतरून या बंदरात पोचतो. २७ जून २०१७ रोजी या बंदरातले एक मोठे खासगी टर्मिनल अचानक थंडावले. क्रेन शाबूत होत्या, माणसे कामावर होती, जहाजेही होती. बंद पडले होते ते संगणक. कोणता डबा कोणाचा आणि तो कोणत्या जहाजावर चढवायचा, हे सांगणारेच कोणी उरले नाही. आत येणारा आणि बाहेर जाणारा माल तुंबला.

हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडे होते आणि त्या दिवशी या समूहाचे जगभरातले संगणक एकाच वेळी आडवे झाले होते. कारण होते ‘नॉटपेट्या’ नावाचे विध्वंसक सॉफ्टवेअर. त्याची सुरुवात झाली युक्रेनमध्ये, कर भरण्याच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. एकदा आत शिरल्यावर ते एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरले ते विंडोजच्या गाभ्यातल्या एका फटीतून. आणि ही फट बुजवणारे ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच जगाला मोफत देऊन टाकले होते. म्हणजे १०५ दिवस आधी!

ठिगळ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. इंग्रजीत याला पॅच म्हणतात आणि त्यामागे खरोखरच चिकटवलेला तुकडा आहे. १९४० च्या दशकातील संगणकांना आज्ञा दिल्या जात त्या भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून. भोक चुकीच्या जागी पडले, तर त्यावर कागदाचा तुकडा डकवायचा, नाहीतर पट्टीचा तेवढा भाग कापून नवा जोडायचा. हार्वर्डच्या मार्क-१ या यंत्राची अशी ठिगळे लावलेली पट्टी अमेरिकेत जपून ठेवलेली आहे. आपल्या आजीने गोधडीला लावलेल्या ठिगळाशी तिचे नाते अगदी जवळचे.

आता हा गाभा म्हणजे काय? संगणकात त्याला कर्नल म्हणतात. (माझ्या वर्गात एका मुलाने विचारले होते, ‘सर, मग मेजर कुठे असतो?’) सैन्याशी त्याचा संबंध नाही. दाण्याच्या आतला गर, तसा हा. स्मृतीतली जागा कोणाला किती, प्रक्रियकाचा वेळ कोणाला, तबकडीवर कोणी लिहायचे, हे सारे तो ठरवतो. पडद्यावर दिसणारे प्रत्येक सॉफ्टवेअर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून चालते. म्हणून गाभ्यातली एक चूक म्हणजे गावच्या सगळ्या घरांची किल्ली.

ठिगळ तयार असून ते १०५ दिवस का लावले जात नाही, हा खरा प्रश्न आहे. आळस, असे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही, कारण मी स्वतः असा उशीर केलेला आहे.

२००३ साली मी लोणावळ्यात संगणकाचा एक छोटा वर्ग चालवत होतो. सहा यंत्रे, एक टेलिफोन, एक मोडेम. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका यंत्रावर चौकट उमटली, की हा संगणक ६० सेकंदांत बंद होईल. आकडे उतरत गेले आणि यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले. महाजालाला जोडले, की पुन्हा तीच चौकट. हा ‘ब्लास्टर’ नावाचा किडा होता. तो ११ ऑगस्टला पसरू लागला आणि त्याचे ठिगळ १६ जुलैलाच आले होते. मी ते लावले नव्हते. खरे कारण सांगायला आता लाज वाटत नाही: यंत्रांवरच्या विंडोजच्या प्रती चोरीच्या होत्या, आणि अपडेट केले तर पकडले जाऊ अशी धास्ती होती. आता मात्र ठिगळ हवे होते, पण ते उतरवून घ्यायला आमच्या टेलिफोनच्या तारेवर जितका वेळ लागे, तितका वेळ तो किडा देत नव्हता. शेवटी पुण्याच्या एका मित्राने ते सीडीवर घालून दिले आणि मी लोकलने ती सीडी लोणावळ्याला आणली. पिशवीत, रुमालात गुंडाळून.

माझे कारण क्षुल्लक होते. कारखान्यांचे तसे नसते. रेल्वेच्या गावात राहणाऱ्या माणसाला ते चटकन समजेल. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. चारच वर्षांनी, जुलै १८६७ मध्ये, भर पावसाळ्यात त्यावरचा एक मोठा दगडी पूल कोसळला. तेव्हापासून आजपर्यंत घाटात दुरुस्ती कधी संपलेली नाही. पण चालत्या गाडीखालचा रूळ बदलता येत नाही. त्यासाठी ब्लॉक घ्यावा लागतो, गाड्या थांबवाव्या लागतात, प्रवाशांच्या शिव्या खाव्या लागतात. संगणकाच्या गाभ्याचेही नेमके तसेच आहे. यंत्र सुरू होताना गाभा एकदा स्मृतीत बसतो आणि बंद होईपर्यंत तिथून हलत नाही. ठिगळ लावायचे म्हणजे यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचे, म्हणजेच मेगाब्लॉक. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात तो ब्लॉक कोण देणार? उत्पादनाचा साहेब म्हणतो, दिवाळीच्या सुट्टीत बघू.

यावर तोडगा शोधणारे लोक झाले. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत ‘केस्प्लाइस’ ही पद्धत पुढे आली. तिच्यात चालू गाभ्यातल्या सदोष भागाकडे जाणारी वाट वळवून दुरुस्त भागाकडे नेतात, यंत्र बंद न करता. २०१५ पासून लिनक्सच्या मूळ गाभ्यातच अशी सोय आहे. पण सगळीच ठिगळे अशी लावता येत नाहीत.

लिनक्सचा उल्लेख आला, तर थोडे थांबतो, कारण तिथे ठिगळाचा सारा इतिहास उघड्यावर आहे. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हा गाभा लोकांसमोर ठेवला आणि लोक त्यांना ई-पत्राने ठिगळे पाठवू लागले. वापरात असलेल्या आवृत्तीत घ्यायच्या दुरुस्त्यांसाठी २००५ मध्ये वेगळी व्यवस्था झाली आणि तिचे नियम मला फार आवडतात. ठिगळ आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींपेक्षा मोठे नसावे. ते बरोबर आहे हे उघड दिसावे. त्याने खरी अडचण दूर व्हावी, कल्पनेतली नको.

एवढी शिस्त असूनही चूक दडून राहते. ऑक्टोबर २०१६ मध्ये लिनक्समध्ये ‘डर्टी काऊ’ नावाची फट उघडकीला आली. ती नऊ वर्षे तिथे होती. टोरवाल्ड्स यांनी स्वतः सांगितले, की त्यांनी ती ११ वर्षांपूर्वी बुजवण्याचा प्रयत्न केला होता. पण त्या दुरुस्तीने आयबीएमच्या एका मोठ्या संगणकावर वेगळीच अडचण झाली आणि दुरुस्ती मागे घ्यावी लागली. आमच्या घाटातला तो पूलही चार वर्षे गाड्या पेलत होताच.

आता पुन्हा २०१७ कडे. जी फट मार्चमध्ये बुजवली गेली, तिची माहिती अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेला आधीपासून होती. तिने ती स्वतःच्या वापरासाठी राखून ठेवली होती. तिची हत्यारे चोरीला गेली आणि एप्रिलमध्ये जाहीर झाली. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांचे काम विस्कळीत केले. इथे एक विचित्र गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ठिगळ जाहीर होते, तेव्हा फाटके नेमके कुठे आहे हेही जाहीर होते. त्या दिवसापासून शिवणारा आणि उसवणारा यांची शर्यत लागते. नॉटपेट्याने तर यंत्रातले पासवर्डही चोरले. त्यामुळे एक न शिवलेले यंत्र सापडले, की त्याच्या आधारे ते शिवलेल्या यंत्रांतही शिरू शकत होते.

मर्स्कने नंतर सांगितले, की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. त्यांच्या जाळ्याचा मुख्य नकाशा ठेवणारी यंत्रे जगभर पुसली गेली होती. एकच वाचले, आफ्रिकेत घानामध्ये. कारण काय, तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! भारनियमनाला आयुष्यभर नावे ठेवणाऱ्या मला हे वाचून गंमत वाटली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संरक्षण देणाऱ्या कंपनीनेच पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे विंडोजचा गाभा कोसळला आणि सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. त्या आठवड्यात ‘आम्ही म्हणत नव्हतो का, घाई नको’ असे म्हणणारे मला बरेच भेटले. दोन्ही हिशेब मांडले, तर माझे मत अजूनही लवकर शिवण्याच्या बाजूचे आहे. आधी एका यंत्रावर लावून पाहावे, आठवड्याच्या आत बाकीच्यांवर.

माझा एक जुना विद्यार्थी तळेगावजवळ यंत्रभाग बनवणारी शेड चालवतो. त्याच्या एका यंत्राला जोडलेला संगणक अजून विंडोज एक्सपीवर चालतो. तिची नेहमीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्येच थांबवली, आणि नवी प्रणाली घातली तर यंत्र ती ओळखत नाही. मी विचारले, ‘मग काय करतोस?’ तो मला यंत्रामागे घेऊन गेला. जाळ्याची वायर त्याने उपटून टाकली होती आणि पुन्हा कोणी चुकून लावू नये म्हणून त्या भोकावर काळी चिकटपट्टी मारली होती.