सुट्या भागांतून रायफल : बंदूक नेमकी कोणत्या तुकड्याला म्हणायचे?

अमेरिकेत पहिली रायफल घेणारे अनेक जण ती दुकानातून सबंध उचलून आणत नाहीत. नळी एका कंपनीची, दस्ता दुसरीचा, चाप तिसरीचा अशी चार-पाच पार्सले महिनाभरात घरी येतात आणि एखाद्या रविवारी गॅरेजमधल्या बाकावर त्यांची रायफल होते. बहुतेक राज्यांत यांपैकी एक भाग सोडून बाकी सर्व काही पुस्तके किंवा बूट मागवावेत तसे थेट दारात येते. अपवाद असतो तो ॲल्युमिनियमच्या एका लहानशा तुकड्याचा. तो मात्र परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात जाऊन, ओळखपत्र दाखवून, सरकारी अर्ज भरून आणि पूर्वेतिहासाची तपासणी पार पडल्यावरच हाती येतो. त्यावर क्रमांक कोरलेला असतो. कायद्याच्या लेखी तो तुकडा म्हणजेच रायफल; नळी, बोल्ट, दस्ता हे केवळ सामान.

जिच्यातून गोळी सुटते ती नळी बंदूक नव्हे आणि ज्यात काडतूस फुटतही नाही असा तुकडा मात्र बंदूक, ही व्यवस्था बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटते. ती तशी का झाली आणि तिच्यावरून तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद का गेला, हे समजण्यासाठी आधी सुट्या भागांची रायफल ही कल्पनाच पाहावी लागते.

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरच्या आसपास जर्मन भाषक कारागीर लांब नळीच्या रायफली घडवीत. लोखंडी पट्टी तापवून, ठोकून, जोडून नळी करायची, ती आतून कोरायची, तिच्यात नागमोडी आटे पाडायचे, लाकडाचा दस्ता तासायचा, असे सारे काम एकाच दुकानात चाले. चकमकीची कळ मात्र पुष्कळदा इंग्लंडहून तयार आलेली असे. अशा बंदुकीचा एखादा स्क्रू दुसऱ्या बंदुकीत बसत नसे. तो कानशीने घासून त्या एकाच बंदुकीसाठी बसवलेला असे.

१७८५ मध्ये अमेरिकेचे फ्रान्समधील प्रतिनिधी थॉमस जेफर्सन यांनी पॅरिसमध्ये ऑनोरे ब्लाँ या कारागिराचे काम पाहिले. ब्लाँने पन्नास कळींचे भाग सुटे करून वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले होते. जेफर्सन यांनी हाताला येतील ते तुकडे घेऊन स्वतः काही कळी जोडल्या. त्या बिनचूक बसल्या. हा अनुभव त्यांनी जॉन जे यांना पत्राने कळवला. पुढे १७९८ मध्ये एली व्हिटनी याने अमेरिकन सरकारला दोन वर्षांत दहा हजार बंदुका देण्याचा करार केला आणि १८०१ मध्ये राजधानीत सुट्या भागांचे प्रात्यक्षिकही दाखवले. शेवटची बंदूक हाती यायला १८०९ उजाडले. शाळकरी पुस्तकांत व्हिटनीला या पद्धतीचा जनक म्हटले जाते. पण विसाव्या शतकात अभ्यासकांनी त्याच्या उरलेल्या बंदुका उघडून पाहिल्या तेव्हा त्यांचे भाग एकमेकांत बसत नसल्याचेच आढळले. ही किमया खऱ्या अर्थाने साधली ती १८२० च्या दशकात हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात जॉन हॉल याने. त्याने यंत्रांइतकेच महत्त्व मापकांना दिले. प्रत्येक तुकडा ठरलेल्या मापकात बसलाच पाहिजे, नाहीतर तो बाद.

१८५० च्या दशकात ही अमेरिकन यंत्रे ब्रिटनमधील एनफील्डच्या कारखान्यात गेली. तरीही सर्वच भाग सर्वत्र चालू लागले, असे झाले नाही. भारतात इशापूरच्या कारखान्यात बनलेली आणि पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशके दिसलेली ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणजे ली-एनफील्ड रायफल. तिचा बोल्ट त्या विशिष्ट रायफलीसाठीच बसवलेला असतो आणि दोहोंवर एकच क्रमांक ठोकलेला असतो. त्यामागचे कारण पुढे येईल.

खेळण्यासारखी सुटणारी रायफल

आज घरी जोडल्या जाणाऱ्या रायफलींत सर्वाधिक बोलबाला ‘एआर-१५’ या घराण्याचा आहे. ‘एआर’ म्हणजे ‘आर्मालाइट रायफल’. आर्मालाइट ही फेअरचाइल्ड या विमान कंपनीची शाखा होती आणि तेथे यूजीन स्टोनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस हे हत्यार तयार केले. विमानाच्या धंद्यातली माणसे असल्यामुळे पोलादाऐवजी ॲल्युमिनियम वापरण्याची त्यांना भीती वाटली नाही. १९५९ मध्ये हक्क कोल्ट कंपनीकडे गेले. लष्कराने घेतलेली आवृत्ती ‘एम-१६’ झाली आणि आपोआप एकेकच गोळी झाडणारी नागरी आवृत्ती १९६० च्या दशकात बाजारात आली. १९७७ मध्ये स्टोनर यांच्या पेटंटची मुदत संपली आणि कोणालाही हे भाग बनवण्याची मुभा मिळाली. मापे तर लष्कराने आधीच पक्की केलेली. हॉलने मापकांनी जे घडवले त्याचे पूर्ण फळ दीडशे वर्षांनी असे नागरी बाजारात आले.

या रायफलीचे दोन मुख्य अर्धे असतात. वरच्या अर्ध्यात नळी आणि बोल्ट. खालच्या अर्ध्यात चाप, घोडा आणि मॅगझिनची जागा. दोन खिळी ढकलली की दोन्ही अर्धे वेगळे होतात. त्यामुळे पहिलाच प्रयत्न करणारे बहुधा शहाणपणाने वरचा अर्धा कारखान्यात जोडून, तपासून आलेला घेतात आणि खालच्या अर्ध्यातील स्प्रिंगा व खिळ्या तेवढ्या स्वतः बसवतात. बोल्ट हाताने मागे-पुढे करावयाच्या रायफलींत हे इतके सोपे नाही. तेथे नळी बदलणे हे लेथ असलेल्या कारागिराचे काम. अपवाद सॅव्हेज कंपनीच्या १९५८ च्या ‘मॉडेल ११०’ चा. त्यात नळी एका नटाने आवळलेली असल्याने हौशी माणसालाही ती बदलता येते.

पैसे वाचतात म्हणून लोक या वाटेला जातात, असा समज आहे. तो अर्धाच खरा. मोठा कारखाना भाग घाऊक भावाने घेतो आणि एकट्या गिऱ्हाइकाला ते किरकोळीने पडतात. शिवाय एकदाच लागणारी हत्यारे घ्यावी लागतात. एक खाचखळगा कराचाही आहे. १९३७ च्या कायद्यानुसार नव्या रायफलीवर उत्पादकाला ११ टक्के केंद्रीय कर भरावा लागतो आणि तो पैसा वन्यजीव संवर्धनाला जातो. स्वतंत्र विकलेल्या सुट्या भागांवर तो कर नाही. पण सर्व भाग पुरे असलेला, केवळ न जोडलेला संच विकला तर तो बंदूक समजूनच कर लागतो. कर खात्याने हा प्रश्न असा केव्हाच निकाली काढला होता, ही गोष्ट पुढच्या वादात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

खरे आकर्षण असते ते हवी तशी नळी व हवा तसा चाप निवडण्याचे आणि आपले यंत्र आतून माहीत असण्याचे. जोडणाऱ्याला बिघाड लवकर कळतो, यात तथ्य आहे. मात्र कारखान्याची जबाबदारी तोच आपल्या अंगावर घेतो.

ली-एनफील्डच्या क्रमांकाचे रहस्य येथेच आहे. काडतूस चेंबरमध्ये ज्या ठिकाणी टेकते तेथपासून बोल्टच्या पुढच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर इंचाच्या काही हजारांश भागांपर्यंत नेमके असावे लागते. ते कमी पडले तर बोल्ट पुरता बंद होत नाही. जास्त झाले तर बार उडताना पितळी टोपण मागे ताणले जाते आणि फाटू शकते. ‘.२२३ रेमिंग्टन’ या नेहमीच्या काडतुसात दाब दर चौरस इंचाला ५५ हजार पौंडांपर्यंत चढतो. टोपण फाटले तर तो तप्त वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याच्या रोखाने येतो. यासाठी पोलादी मापकांची जोडी मिळते. पहिल्या मापकावर बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. एका दुकानाची नळी आणि दुसऱ्या दुकानाचा बोल्ट एकत्र आणणाऱ्याने ही तपासणी कसबी कारागिराकडून करून न घेणे हा निव्वळ अविचार होय.

दुसरा धोका भाग बिनचूक बसण्यातूनच येतो. ‘.३०० ब्लॅकआउट’ हे २०११ मध्ये प्रमाणित झालेले काडतूस मुद्दाम असे आखले आहे की एआर-१५ चा बोल्ट आणि मॅगझिन तेच राहावे, बदलायची फक्त नळी. पण त्याच्या गोळीचा व्यास ०.३०८ इंच आणि मूळ नळीसाठीच्या गोळीचा ०.२२४ इंच. घरात दोन्ही प्रकारची काडतुसे असतील आणि चुकीचे मॅगझिन लागले तर जाड गोळी बारीक नळीत अडकते आणि रायफल हातात फुटते. असे अपघात झाले आहेत.

कायद्याची व्याख्या

अमेरिकेच्या १९३८ च्या शस्त्रकायद्यात बंदुकीच्या व्याख्येत तिचा कोणताही भाग येत असे. स्क्रूवरही नियंत्रण ठेवणे व्यवहारात जमेना. दरम्यान १९६३ च्या मार्चमध्ये ली हार्वे ऑस्वाल्डने शिकागोच्या एका दुकानातून खोट्या नावाने टपालाने इटालियन रायफल मागवली. दुर्बिणीसह किंमत १९ डॉलर ९५ सेंट. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. १९६८ च्या कायद्याने अशी परस्पर टपालविक्री बंद केली, प्रत्येक नव्या बंदुकीवर क्रमांक सक्तीचा केला आणि ‘कोणताही भाग’ वगळून फक्त ‘फ्रेम किंवा रिसीव्हर’ म्हणजे सांगाडा तेवढा बंदूक ठरवला.

नियमावलीने सांगाड्याची व्याख्या केली ती अशी, की ज्यात घोडा, बोल्ट आणि चापाची यंत्रणा राहते तो भाग. जुन्या रायफलींना ती चपखल बसे. एआर-१५ मध्ये मात्र घोडा व चाप खालच्या अर्ध्यात आणि बोल्ट वरच्या अर्ध्यात. प्रशासनाने खालचा अर्धा बंदूक मानला. परंतु व्याख्येत तो पुरता बसत नव्हता आणि २०१६ व २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील खटल्यांत केंद्रीय न्यायाधीशांनी नेमके यावर बोट ठेवले. देशात सर्वाधिक जोडली जाणारी रायफल कायद्याच्या शब्दांतून अशी निसटू पाहत होती.

त्याहून गंभीर प्रश्न अर्धवट घडवलेल्या सांगाड्यांचा होता. काही छिद्रे पाडायची ठेवली की तो तुकडा बंदूक नव्हे, असा युक्तिवाद करून ते क्रमांकाविना व तपासणीविना विकले जात. त्यांतून झालेल्या बिनक्रमांकाच्या हत्यारांना ‘घोस्ट गन’ म्हणतात. मागोवा घेण्यासाठी पोलिसांनी केंद्राकडे पाठवलेल्या अशा बंदुका २०१७ मध्ये सुमारे १,६०० होत्या. २०२१ मध्ये ती संख्या १९ हजारांवर गेली. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीवर क्रमांकच नसेल तर तपासाचा पहिला धागाच तुटतो.

२०२२ च्या नियमाने एआर-१५ चा खालचा अर्धा हाच सांगाडा असे नाव घेऊन लिहिले आणि सहज पुरे करता येणारे तुकडे व संच यांनाही क्रमांक व तपासणी लागू केली. २६ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हा नियम उचलून धरला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती नील गोर्सच यांचा दाखला घरगुती होता : लेखिका अपुऱ्या हस्तलिखितालाही आपली कादंबरी म्हणते आणि दुकानातून आणलेले, अजून जोडायचे असलेले टेबल हेही बोलण्यात टेबलच असते. न्यायमूर्ती थॉमस आणि अलिटो यांनी विरोधी मत नोंदवले. या निर्णयाने छंदावर गदा आली, अशी ओरड झाली. ती फारशी पटणारी नाही. क्रमांक असलेला सांगाडा रीतसर घेऊन स्वतःपुरती रायफल जोडणे केंद्रीय कायद्याने आजही मना नाही. विक्रीसाठी बनवायची तर परवाना हवा आणि नळी १६ इंचांहून आखूड असेल तर १९३४ च्या कायद्याखाली आधी नोंदणी हवी. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी यांसारख्या राज्यांचे निर्बंध मात्र याहून बरेच कडक आहेत.

ब्रिटनने दुसरी वाट धरली. तेथे नळी आणि बोल्ट यांनाही रायफलीप्रमाणेच प्रमाणपत्र लागते. शिवाय लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहात जादा भाराचा बार उडवून नळीवर शिक्का घेतल्याशिवाय बंदूक विकता येत नाही. अमेरिकेत अशी सक्तीची चाचणी नाही.

भारतात प्रश्नच उद्भवत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील ‘शस्त्रे’ या शब्दात शस्त्रांचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. बनवणे तर सोडाच, दुरुस्ती करणे किंवा रूप बदलणे यालाही, तो धंदा म्हणून करायचा तर, स्वतंत्र परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. कोकणात शेताच्या राखणीसाठी ज्या ठासणीच्या बंदुका दिसतात त्यांचा परवाना याच कायद्यातील वेगळ्या तरतुदीने मिळतो. ती बंदूक घरी घडवण्याची मुभा त्यात नाही.

अमेरिकेत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींनाही एक गोष्ट ठाऊक असणे बरे. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला तेथे बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे बंदी आहे; राज्याचा वैध शिकार परवाना असणे हा तिचा एक ठळक अपवाद. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. क्रमांक कोरलेला तो सांगाडा कायद्याने बंदूकच असल्यामुळे, एकही भाग न जोडलेला तुकडा कपाटात पडून असला तरी तात्पुरत्या व्हिसावरील माणसाच्या बाबतीत तो गुन्हा ठरू शकतो.