आले आणि सुंठ : एका कंदाची दोन नावे

एकच कंद मराठीत ओला असता ‘आले’ आणि वाळल्यावर ‘सुंठ’ होतो. इंग्रजीत मात्र ‘जिंजर’ या एकाच नामाला ओले-सुके अशी विशेषणे जोडावी लागतात. हा भेद केवळ शब्दसमृद्धीचा नव्हे. त्यामागे उपचाराचा दीर्घ अनुभव आहे.

‘आले’ हे संस्कृत ‘आर्द्रक’ या शब्दाचे प्राकृत ‘अल्ल’ या रूपातून आलेले वंशज होय. ‘सुंठ’ ‘शुण्ठी’पासून आली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २७ व्या अध्यायात, आर्द्रकाची गणना हरितवर्गात, तर शुण्ठीची आहारयोगिवर्गात केली आहे. मिरी व पिंपळी यांसह ‘त्रिकटू’त योजली जाते तीही सुंठच. महाराष्ट्रात आल्याचा रस मधातून देतात. बाळंतिणीच्या आहारात आणि रामनवमीच्या सुंठवड्यात मात्र सुंठ लागते. ‘सुंठीवाचून खोकला गेला’ ही म्हण तर सुंठ हा खोकल्यावरील रूढ उपाय होता, हेच गृहीत धरते.

पश्चिमेकडे गेले ते तिसरेच नाव. ‘शृंगवेर’ या शब्दाचा संबंध कंदाच्या शिंगासारख्या आकाराशी जोडण्यात येतो. परंतु पालीतील ‘सिंगिवेर’ आणि तमिळमधील ‘इंजि’ (आले) व ‘वेर’ (मूळ) हे शब्द पाहता, मूळ शब्द द्राविडी असून संस्कृताने तो ‘शृंग’शी जुळवून घेतला, हे मत अधिक ग्राह्य ठरते. ग्रीक ‘झिंगिबेरिस’, लॅटिन ‘झिंगिबेरी’ आणि इंग्रजी ‘जिंजर’ ही त्याचीच रूपे. इ. स. ७९ मध्ये निधन पावलेल्या प्लिनीने आले हे मिरीच्या झाडाचे मूळ असल्याचा समज खोडून काढला आणि त्याचा भाव पौंडास ६ दिनारी असा नोंदविला. दूरच्या बाजारात टिकाऊ रूपातील माल पोहोचे. तेथे ओल्यासुक्यासाठी दोन नावांची निकड भासली नसावी.

रसायनशास्त्राने मराठीतील हा भेद सार्थ ठरविला आहे. ओल्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः ‘जिंजेरॉल’ द्रव्यांमुळे असतो. वाळताना व तापताना त्यांतील काही भागाचे, पाण्याचा अंश निघून, अधिक तिखट अशा ‘शोगाओल’मध्ये रूपांतर होते. गर्भारपणातील मळमळ आल्याने कमी होते, यास आधुनिक चाचण्यांचा आधार आहे. खोकल्याबाबतचा पुरावा तितका सबळ नाही. म्हणून परंपरेचा प्रत्येक दावा स्वीकारता येत नाही. परंतु वाळल्याने कंदाचा गुण पालटतो, हे तिचे निरीक्षण अचूक होते आणि भाषेने ते दोन नामांत जतन केले. ‘आले’ व ‘सुंठ’ यांना पर्यायशब्द मानणारा कोशकार हे ज्ञानच पुसून टाकतो.