अहमदनगर ते आग्रा : १७०७ च्या वारसायुद्धातील अंतर आणि काळ

दिनांक ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरनजीक भिंगार येथील छावणीत औरंगजेबाचा अंत झाला. त्या वेळी त्याचा पुत्र आजमशहा माळव्याकडे निघालेला असला तरी छावणीपासून फार दूर गेला नव्हता. कामबक्ष विजापूरकडे होता. आणि ज्येष्ठ पुत्र मुअज्जम पेशावरच्या पलीकडे जमरूद येथे होता. आजम तत्काळ परतला व १४ मार्च रोजी अहमदनगरासच त्याने राज्यारोहण केले. वजीर असदखान, जुल्फिकारखान व दक्षिणेतील फौज त्याच्या पक्षास होती. एवढी अनुकूलता असता त्याचा पराभव का व्हावा, हा प्रश्न अंतर व काळ यांच्या मोजणीने पुष्कळसा उलगडतो.

अहमदनगर ते जमरूद हे अंतर सरळ रेषेत सुमारे १,६९० किलोमीटर आहे. मृत्यूची वार्ता मुअज्जमास २२ मार्च रोजी, म्हणजे १९ दिवसांनी पोचली. सरळ रेषेच्या हिशेबानेही हा वेग दिवसास जवळजवळ ९० किलोमीटर पडतो. प्रत्यक्ष मार्गाने तो याहून अधिकच असला पाहिजे. सैन्याची गती मात्र निराळी होती. दोघांचेही लक्ष्य आग्र्याचा किल्ला व तेथील खजिना हे होते. आणि योगायोग असा, की आग्रा अहमदनगरापासून सरळ रेषेत सुमारे ९६० व जमरूदपासून सुमारे ९८० किलोमीटर आहे. अर्थात अंतर जवळपास समान, आणि वार्तेची आघाडी आजमकडे.

ही आघाडी वाटेत खर्ची पडली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आजम ग्वाल्हेरास पोचला, त्याच सुमारास मुअज्जम आग्र्यास दाखल झाला. सरळ रेषेने मोजल्यास आजमची सरासरी चाल दिवसास दहा किलोमीटरांच्या आसपास, तर मुअज्जमची बारांच्या आसपास भरते. हा फरक अल्प दिसतो. परंतु त्यामागील कारणे महत्त्वाची आहेत. मुअज्जमच्या पक्षाचा मुनीमखान याने पंजाबात नद्यांवरील पूल, द्रव्य व तोफखाना यांची सिद्धता आधीच करून ठेविली होती. आजमच्या सैन्यास उन्हाळ्यात घाटमार्गाने जाताना पाण्याच्या दुर्भिक्षाने मोठी हानी सोसावी लागली. शिवाय गुजरातेतून निघालेला त्याचा पुत्र बेदारबख्त आग्र्याकडे त्वरेने जाऊ शकला असता. पण पित्याच्या संशयापायी तो माळव्यात खोळंबला. उलट, मुअज्जमचा पुत्र अजीमुश्शान याने पूर्वेकडून येऊन आग्रा शहर हस्तगत केले. खाफीखानाच्या वृत्तान्तानुसार किल्लेदार बाकीखानाने, वारसांपैकी जो प्रथम येईल त्यास किल्ला देऊ, अशी भूमिका घेतली होती. तेव्हा खजिन्याचा निर्णय रणांगणापूर्वी वाटेवरच झाला, असे म्हणण्यास हरकत नाही. जून १७०७ मध्ये जाजऊ येथे आजम व बेदारबख्त दोघेही मारले गेले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या प्रवासाचे फळ याहून मोठे आहे. अहमदनगरहून निघालेल्या त्या छावणीत राजबंदी शाहूही होता. मे १७०७ मध्ये, नर्मदा ओलांडल्यावर, भोपाळनजीक दोराहा येथून तो स्वदेशी परतला. पाठीमागे मराठ्यांत दुफळी माजावी व दक्षिणेकडून निश्चिंती लाभावी, हा मोगलांचा हेतू होता. मातोश्री येसूबाईंना मात्र १७१९ पर्यंत कैदेत राहावे लागले. दुफळी माजली खरी. परंतु जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास शाहूचा राज्याभिषेक झाला. आजमला आग्रा गाठता आले नाही. त्याच्या त्या वाटेवरून माघारी फिरलेल्या बंदिवानाने सातारा गाठला.