यादीत नसलेली गोळी

क्वेटियापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध. अमेरिकेत त्याला १९९७ साली मंजुरी मिळाली. नियंत्रित औषधांच्या केंद्रीय यादीत ते नाही. तरी २००४ साली तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं, की लॉस एंजेलिसच्या तुरुंगात कैदी ही गोळी कुटून नाकाने ओढतात. ती मिळावी म्हणून भास होण्याचं सोंगही करतात.

कशासाठी? झोप यावी, जिवाची घालमेल थांबावी म्हणून.

आता थोडं मागे जाऊ. १९५५ साली अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर रुग्ण होते. पुढे ती रिकामी झाली. त्यांच्या जागी वस्तीवस्तीत उपचार केंद्रं उभारायचा कायदा १९६३ साली झाला, पण पुरेशी केंद्रं उभी राहिलीच नाहीत. कित्येक आजारी माणसं रस्त्यावर आली, तिथून तुरुंगात. तिथे गोंगाट, भीती, आणि उपचार म्हणजे बहुधा एक गोळी.

तुरुंगाबाहेर काय चाललं होतं? मंजुरी नसलेल्या कामांसाठी, अगदी निद्रानाशासाठीही, हे औषध खपवल्याच्या आरोपावरून ॲस्ट्राझेनेकाने २०१० साली ५२ कोटी डॉलर भरून तडजोड केली. म्हणजे बघा, झोप दोघांनाही हवी होती. एकाला आपण रुग्ण म्हटलं, दुसऱ्याला नशेबाज. यादीत रसायनं लिहिता येतात. माणसाची झोप कशाने उडाली, ते तिच्यात कुठे लिहिणार?